बुळकांडी गेली, लाळ्या-खुरकूत राहिली

वसुबारसेला गाय-वासराची पूजा करणाऱ्या तरुण शेतकऱ्याला आज ‘बुळकांडी’ म्हणजे काय असे विचारले, तर बहुधा त्याला सांगता येणार नाही. त्याच्या आजोबांवर ते विचारायची वेळ आली नसती. जनावराला एकाएकी ताप भरायचा, डोळ्यानाकातून पाणी गळायचे, तोंडात फोड येऊन ते कुजायचे, मग पाण्यासारखे हगवण लागायचे आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवे व्हायचे. रोगाचे नाव या बुळकण्यावरूनच पडले. देशात काही ठिकाणी तिला माणसांच्या देवीप्रमाणे ‘माता’ही म्हणत. ज्या कळपाने हा रोग पूर्वी कधी पाहिलेला नाही अशा कळपात शंभरातली ऐंशी-नव्वद जनावरे मरत. आज हा रोग जगात कुठेही नाही. माणसाने पृथ्वीवरून समूळ घालवलेले रोग आजवर दोनच: माणसांची देवी आणि गुरांची बुळकांडी.

त्याच गोठ्यात, त्याच जनावरांना होणारी लाळ्या-खुरकूत मात्र दरवर्षी नेमाने येते. दोन्ही रोग विषाणूंचे आणि दोन्ही अतिशय वेगाने पसरणारे. दोन्हींवर लस आहे, आणि ती टोचणारे पशुवैद्यकही तेच. मग एक गेला आणि दुसरा का राहिला? पैसा आणि सरकारी इच्छाशक्ती ही नेहमीची उत्तरे इथे पुरत नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे या प्रश्नाचे उत्तर रोगाच्या तीव्रतेत सापडत नाही. ते त्याच्या प्रवासात आहे. रोग एका जिवाकडून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने जातो, आजारी जनावर समोर नसते तेव्हा तो कुठे दडून बसतो, आणि एकदा होऊन गेल्याची आठवण शरीर किती दिवस ठेवते, हे तीन प्रश्न विचारले की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

बुळकांडीचा विषाणू गोवराच्या विषाणूचा सख्खा नातेवाईक. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हाही त्याच कुळातला. गोवराचा विषाणू फार पूर्वी गुरांच्या या विषाणूपासूनच फुटून माणसात आला, असे शास्त्रज्ञ मानतात. माणसाने गुरे पाळली, त्यांच्या शेजारी झोपला, आणि दुधाबरोबर हेही घेतले. दोघांचा स्वभावही सारखा आहे. आजारी जनावराच्या श्वासातून, लाळेतून, शेणामुतातून विषाणू बाहेर पडतो, पण बाहेर तो फार काळ जगत नाही. ऊन लागले की काही तासांत संपतो. त्याला पुढचे जनावर अगदी जवळ हवे: एका दावणीला, एका पाणवठ्यावर, एका गाडीत. बरे झालेले जनावर विषाणू बाळगत नाही आणि त्याला हा रोग जन्मात पुन्हा होत नाही.

आता दोनशे गुरांचे एक गाव घ्या. बाजारातून आणलेल्या बैलाबरोबर बुळकांडी गावात शिरली. काही आठवड्यांत ती सगळ्या गोठ्यांतून फिरते. काही गुरे मरतात, उरलेली कायमची सुरक्षित होतात. त्यानंतर त्या गावात विषाणूला घर उरत नाही. मातीत राहता येत नाही, बऱ्या झालेल्या जनावरात लपता येत नाही. पुढच्या गावात पोहोचला तर जगला, नाही तर तिथेच विझला. गोवराचेही असेच असते. लस येण्यापूर्वीच्या नोंदींवरून असे दिसले, की सुमारे अडीच ते पाच लाख वस्तीपेक्षा लहान असलेल्या एकाकी गावात वा बेटावर गोवर टिकून राहू शकत नाही. तो विझतो आणि पुन्हा बाहेरून यावा लागतो. बुळकांडीला असे शहर नव्हते. तिचे शहर म्हणजे चालती गुरे: आठवडी बाजार, जत्रा, लमाणांचे तांडे, चाऱ्याच्या शोधात फिरणारे कळप आणि लढाईवर निघालेल्या फौजांमागचे तोफखान्याचे बैल. युरोपात अठराव्या शतकात ती फौजांच्या आणि कसायांच्या गुरांबरोबरच हिंडली. पोपचे वैद्य लान्चिसी यांनी १७११ नंतरच्या साथीत आजारी जनावरे मारून चुन्यात पुरावीत आणि गुरांची ये-जा बंद करावी असा कडक नियम घालून दिला. तो मोडणाऱ्या सामान्य माणसाला देहान्त शासन होते आणि धर्मगुरूला जहाजावर वल्ही मारण्याची शिक्षा. विषाणूची कल्पना जन्मायला अजून बराच काळ होता, पण रोग कोणाच्या पायांनी चालतो हे त्यांनी बरोबर ओळखले होते. जगातली पहिली पशुवैद्यक शाळा १७६१ साली फ्रान्समध्ये लिआँ येथे स्थापन झाली, तीही मुख्यतः या रोगाच्या भीतीने.

हिंदुस्थानात जनावरे मारण्याचा उपाय कधीच शक्य नव्हता, आणि इंग्रज सरकारलाही ते ठाऊक होते. १८६८ साली नेमलेल्या गुरांच्या साथीविषयीच्या आयोगाने १८७१ मध्ये अहवाल दिला. या आयोगाचे प्रमुख हॅलन. त्यानंतर १८८९ च्या डिसेंबरात पुण्यात, सायन्स कॉलेजच्या आवारात, जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली. अल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. पण अशा स्पर्शजन्य रोगाचे प्रयोग भरवस्तीत, आसपास हजारो गुरे असताना करणे धोक्याचे होते. शिवाय पुण्याचा उन्हाळाही त्या कामाला मानवेना. म्हणून १८९३ मध्ये ती प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची वंशावळ अशी पुण्यापर्यंत येते, हे पुणेकरांपैकी फार थोड्यांना माहीत असते. पुणेकरांना न ठाऊक असलेली पुण्याविषयीची गोष्ट सापडणे तसे दुर्मीळच.

याच सुमारास आफ्रिकेत एक भयंकर प्रकार घडला. १८८७-८८ मध्ये इटलीचे सैन्य लाल समुद्राकाठी मसावा बंदरात उतरत होते. त्याच्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडी तिथे उतरली. ती गुरे हिंदुस्थानातून गेली होती, असे बहुतेक इतिहासकार मानतात. इथिओपियात बैल मेले, नांगर थांबले, आणि १८८८ ते १८९२ या वर्षांत जो दुष्काळ पडला त्यात देशातली एक तृतीयांश माणसे गेली असा अंदाज केला जातो. साथ दक्षिणेकडे सरकत राहिली. १८९६ मध्ये तिने झांबेझी नदी ओलांडली आणि पुढे केप वसाहत गाठली. ज्यांची सारी संपत्ती गुरे होती, त्या मसाईंसारख्या समाजांचा कणाच मोडला. वसाहतवाद्यांना ती जमीन इतक्या सहज का मिळाली, याच्या कारणांत बुळकांडीचे नाव घ्यावे लागते.

मला यात कुतूहल वाटते ते वेळेच्या हिशेबाचे. गुरे तर अरबी समुद्र पूर्वीपासून ओलांडत असतील, मग हा रोग आधी का गेला नाही? रोगाची लागण झाल्यापासून मरण किंवा बरे होणे हा सारा खेळ दोन-तीन आठवड्यांचा. शिडाच्या जहाजाने वाऱ्याची वाट पाहत जाताना तो खेळ बहुधा समुद्रातच संपत असावा: मेलेली गुरे पाण्यात, वाचलेली निर्धोक. आगबोटीने तेच अंतर आठ-पंधरा दिवसांवर आणले. विषाणू बदलला नव्हता, प्रवासाचे दिवस तेवढे कमी झाले होते. केपमध्ये रोग पोहोचला तेव्हा तिथल्या सरकारने रॉबर्ट कॉख यांना बोलावले. आजाराने मेलेल्या जनावराचे पित्त टोचल्यास निरोगी जनावराला संरक्षण मिळते, असे त्यांनी किंबर्लीत दाखवले. काम अर्धवट टाकून ते १८९७ मध्ये मुंबईला आले, कारण मुंबईत प्लेग पेटला होता. तोही बंदरातूनच शिरला होता.

बंदराचा आणखी एक धडा १९२० सालचा. ब्राझीलला निघालेली भारतीय वशिंडवाली गुरे बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात काही दिवस ठेवली होती. त्यांच्यापासून बेल्जियमच्या गुरांत बुळकांडी पसरली. युरोपने तिला आपल्या बहुतेक भागातून घालवून बराच काळ लोटला होता, त्यामुळे सगळे हादरले. एका देशाने रोग लपवला की दुसरा बुडतो, हे लक्षात आल्यावर १९२४ मध्ये अठ्ठावीस देशांनी पॅरिसमध्ये पशुरोगांची आंतरराष्ट्रीय संस्था काढली. आजची जागतिक पशुआरोग्य संघटना ती हीच. जागतिक आरोग्य संघटनेपेक्षा ती चोवीस वर्षांनी मोठी आहे.

लशीची गोष्ट मुक्तेश्वरला घडली. १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा शेकडो वेळा फिरवला. शेळीच्या शरीराशी जुळवून घेता घेता तो गुरांच्या बाबतीत मवाळ झाला आणि लस म्हणून वापरता येऊ लागला. १९६० च्या सुमारास केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर अधिक सौम्य लस तयार केली. ती एकदा टोचली की जनावर जन्मभर सुरक्षित. भारताने १९५४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. साथी झपाट्याने कमी झाल्या, पण संपल्या मात्र नाहीत. तीस-पस्तीस वर्षे कोट्यवधी जनावरांना लस टोचूनही दक्षिणेतल्या द्वीपकल्पात रोग धुमसत राहिला. कारण लस टोचणारा माणूस जिथे सहज पोहोचतो तिथली गुरे पुन्हा पुन्हा टोचली जात होती, आणि कत्तलीसाठी वा विक्रीसाठी राज्याराज्यांतून चालत, ट्रकमधून जाणारी जनावरे निसटत होती. १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेसाठी जिवंत शेळ्या पाठवल्या गेल्या, आणि चाळीस वर्षे बुळकांडीमुक्त असलेल्या त्या बेटावर ती पुन्हा पोहोचली. शेळीत रोग सौम्य असतो, त्यामुळे कोणाला संशय आला नाही.

१९९० च्या दशकात दृष्टी बदलली. भारतातल्या नव्या कार्यक्रमात गावोगावच्या तपासणीबरोबर गुरांच्या वाटांचीही तपासणी ठेवली होती: बाजार, नाके, जनावरे ज्या मार्गांनी जातात ते मार्ग. आफ्रिकेत बर्फाच्या पेटीशिवाय महिनाभर टिकणारी लस आली, आणि इथिओपियातल्या अफार मुलखात पशुपालकांनाच ती टोचायला शिकवले. कोणता कळप कोणत्या महिन्यात कुठे असतो हे त्यांना ठाऊक होते. राजधानीतल्या डॉक्टरला ते कधीच कळले नसते. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ चा. पुढचे पाऊल मात्र धाडसाचे होते: लस बंद करायची. टोचलेल्या आणि रोग होऊन गेलेल्या जनावराच्या रक्तात सारखीच प्रतिद्रव्ये सापडतात. त्यामुळे लस चालू असेपर्यंत रोग खरोखर गेला की नाही हे सिद्ध करता येत नाही. लस थांबवून, वाट पाहून, नव्या वासरांचे रक्त तपासून २००६ मध्ये भारत संसर्गमुक्त ठरला. जगातली शेवटची नोंद २००१ मधली, केनियातल्या मेरू अभयारण्यातल्या रानम्हशींची. २०११ मध्ये रोग संपल्याची घोषणा झाली. देवीच्या निर्मूलनाचा गाजावाजा झाला तसा याचा झाला नाही. वर्तमानपत्रांत कुठे आतल्या पानावर चार ओळी आल्या असतील.

आता लाळ्या-खुरकुताला तेच तीन प्रश्न विचारू. तोंडात फोड, तोंडातून लाळेच्या तारा, खुरांच्या बेचक्यात जखमा. बैल ऐन कामात लंगडा होतो, गाय आटते, पण मोठे जनावर सहसा मरत नाही. वासरांचे मात्र हृदयाचे स्नायू सुजतात आणि ती दगावतात. मोठे जनावर मरत नाही म्हणून शेतकरी या रोगाला तितका भीत नाही, आणि इथेच विषाणूचे फावते. लक्षणे दिसण्याच्या आधीपासून जनावर विषाणू बाहेर टाकू लागते. वरून धडधाकट दिसणारा बैल बाजारात जातो, विकला जातो आणि तिसऱ्या दिवशी नव्या मालकाच्या दावणीला लाळ गाळू लागतो.

हा विषाणू बाहेरही बुळकांडीपेक्षा चिवट. थंड, दमट हवेत तो वैरणीवर, बुटांना, गाडीच्या चाकांना चिकटून राहतो. मांसात आणि दुधात टिकतो. २००१ मध्ये इंग्लंडमध्ये नीट न उकळलेले खरकटे डुकरांना घातले गेले आणि त्यातून साथ उभी राहिली असे तपासात दिसले. रोग कळेपर्यंत मेंढ्यांच्या बाजारांतून तो देशभर पोहोचला होता. साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. हवेतूनही तो जातो: १९८१ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या डुकरांपासून निघालेला विषाणू समुद्र ओलांडून इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या गुरांना लागला. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला असा वाऱ्यावरचा प्रवास झेपत नाही. महाराष्ट्रात तो मुख्यतः जनावरांबरोबर फिरतो. दिवाळी सरता सरता बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्यांसह साखर कारखान्यांकडे निघतात. शेकडो गावांचे बैल एका कारखान्याच्या तळावर, एका हौदावर पाणी पितात. रोगाला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. म्हणून गळीत हंगामाआधी बैलांना लस टोचण्याचा आग्रह असतो.

आणि आठवण? तिचीच तर अडचण. या विषाणूच्या सात मुख्य जाती. एकीने आलेली प्रतिकारशक्ती दुसरीला अडवत नाही. भारतात ओ, ए आणि एशिया-१ या तीन जाती वावरतात, म्हणून लशीत तिन्ही घालाव्या लागतात. तिचा परिणाम काही महिनेच टिकतो, म्हणून वर्षातून दोनदा टोचावी लागते. शिवाय बरे झालेले काही जनावर घशात महिनोन् महिने विषाणू बाळगून असते. २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम सहामाही टोचणीवर उभा आहे, आणि एक फेरी चुकली की आधीची मेहनत पाण्यात जाते. बुळकांडीत एका वासराला एकदा गाठले की काम संपत होते.

लम्पीची वाट आणखी वेगळी. १९२९ मध्ये आजच्या झांबियात प्रथम नोंदला गेलेला हा रोग भारतात २०१९ मध्ये ओडिशात दिसला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून महाराष्ट्रात पसरला. त्याचा विषाणू चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यावर स्वार होतो. गुरांचे बाजार बंद करून लांबच्या उड्या थांबल्या, कारण माशी जिल्हे ओलांडत नाही, ट्रक ओलांडतो. पण एका गोठ्यातून शेजारच्या गोठ्यात जाण्याची छोटी पावले चालूच राहिली. शेळ्यांच्या देवीची लस मदतीला घेतली गेली, कारण तो विषाणू याचा जवळचा भाऊ.

गोठ्यातून बागेत गेलो की हा हिशेब पार बदलतो. झाडाला पाय नाहीत, तेव्हा त्याचा रोग जागच्या जागी राहावा असे वाटेल. पण झाडाला आठवणही नाही. आपल्या किंवा गुरांच्या रक्तात जशी प्रतिद्रव्ये तयार होऊन वर्षानुवर्षे राहतात तशी व्यवस्था वनस्पतींकडे नसते. त्यांचे बचाव वेगळे आहेत, पण रोग होऊन गेलेले झाड पुढच्या पावसात पुन्हा तितकेच उघडे असते. बुळकांडीला ज्या शस्त्राने मारले तेच इथे नाही.

सांगोला, पंढरपूर, मालेगाव, सटाणा या भागांतल्या डाळिंब उत्पादकांना हे समजावून सांगावे लागत नाही. तेल्या हा जिवाणूचा रोग. पानावर तेल सांडल्यासारखा डाग, मग फळावर काळे ठिपके, आणि त्या ठिपक्यातून फळ तडकते. भारतात याची पहिली नोंद १९५२ सालची, दिल्लीची. पुढची पन्नास वर्षे त्याचे फारसे नाव नव्हते. २००० नंतर मात्र कोरडवाहू महाराष्ट्राला डाळिंबाने पैसा दाखवला, एकाला एक लागून हजारो एकर बागा उभ्या राहिल्या आणि बहुतेकांत एकच ‘भगवा’. डाळिंबाचे रोप गुटी बांधून करतात, म्हणजे प्रत्येक झाड हे मूळ झाडाचीच प्रत. गुरांच्या कळपात काही जनावरे जात्याच चिवट निघतात. भगव्याच्या बागेत एक झाड ज्याला बळी पडते त्याला सगळी पडतात. त्यात गुटी ज्या झाडावरून घेतली त्याच्या फांदीत जिवाणू असला तरी रोप हिरवेगार दिसते. ते टेम्पोत बसते आणि दुसऱ्या जिल्ह्यात, परराज्यात उतरते. इथे रोगाला पाय मिळतात ते रोपवाटिकेचे.

बागेच्या आत मात्र तो पावसाच्या थेंबांवर चालतो. थेंब डागावर पडतो, उडतो, शेजारच्या पानावर जातो; वारा असेल तर शेजारच्या ओळीत. म्हणून मृग बहार सर्वांत धोक्याचा. पाऊस संपता संपता धरलेला हस्त बहार त्या मानाने सुरक्षित, आणि अनेक बागायतदार त्याकडे वळले. २००५ मध्ये सोलापुरात डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. तिथल्या शिफारशी वाचताना औषधांच्या यादीपेक्षा बाकीच्या गोष्टींकडे माझे लक्ष अधिक जाते: रोगमुक्त रोपे, बागेला विश्रांती, गळालेली पाने-फळे वेचून जाळणे आणि छाटणीची कात्री दर झाडानंतर जंतुनाशकात बुडवणे. बोर्डो मिश्रण जिवाणूला पानावर अडवते, फांदीच्या आत गेलेल्याला नाही. प्रतिजैविकांच्या फवारण्यांनी तर त्यांना न जुमानणारे जिवाणू वाढण्याची वाट मोकळी होते. तरी खर्च होतो तो बहुतेक फवारणीवरच, कारण फवारणी डोळ्यांना दिसते आणि शेजाऱ्यालाही दिसते.

कात्री बुडवण्याची शिफारस कागदावर अगदी साधी आहे. छाटणी मात्र बहुधा उक्ती दिली जाते, झाडामागे दर ठरवून. हीच टोळी सकाळी एका बागेत आणि दुपारी दुसऱ्या बागेत असते, आणि कात्र्याही त्याच. दर झाडाला कात्री बुडवायला लागणारा अर्धा मिनिट त्या दरात कोणी धरलेला नसतो.